आरव्ही-७ए: विंडशील्डच्या पुढच्या स्किनमध्ये झाकण कापायचंय, डबलर कसा करू?

ओहायोकर_७ए

नमस्कार मंडळी. विमान आरव्ही-७ए, म्हणजे किटमधून स्वतः बांधायचं दोन सीटांचं, स्लायडर कॅनोपी (मागे सरकणारं काचेचं छत). मीच बांधलंय आणि रिपेअरमन सर्टिफिकेट माझ्याच नावावर आहे, त्यामुळे वर्षाचं कंडिशन इन्स्पेक्शनही मीच करतो. दर वर्षी तेच: सीटा काढायच्या, रडर पेडलांमध्ये डोकं घालून उताणं पडायचं आणि इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या मागचे कनेक्टर चाचपत शोधायचे. पूर्वी जमायचं. आता चष्मा बायफोकल झालाय. उताणं पडलं की हमखास नको ती काच डोळ्यासमोर येते.

स्लायडरमध्ये विंडशील्ड पक्की असते आणि तिच्या पुढची वरची स्किन (बाहेरचा पत्रा) थेट फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिनमागच्या भिंतीपर्यंत, रिव्हेट मारून बंद. आता रेडिओ बदलायचाच आहे, तर त्या निमित्ताने फायरवॉल आणि सबपॅनेलच्या (इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या पुढचा आडवा पत्रा) मधे दोन्ही बाजूंना एकेक झाकण करावं म्हणतो. साधारण ८ बाय १० इंचाचं. डबलर (भोकाभोवती आतून रिव्हेट मारायचा जोडपत्रा) किती जाडीचा घेऊ? स्क्रू लावू की कॅमलॉकसारखे क्वार्टर-टर्न (पाव फेऱ्यात उघडणारे)? कापलेला तुकडाच झाकण म्हणून वापरता येईल का? आणि एफएएच्या (अमेरिकेची विमान-नियामक संस्था) कागदपत्रांचं काय?

पत्रेवाला_ओझर

मी ओझरला एचएएलमध्ये पत्र्याच्या कामात आयुष्य काढलं, आता निवृत्त. तुझं विमान मी पाहिलेलं नाही, पण पत्रा सगळीकडे पत्राच. वयाने तू धाकटा असणार असं धरून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मापं घेण्याआधी झाकणाची जागा ठरव. लोक जिथे मोकळी स्किन दिसते तिथे कापतात आणि मग हात घातल्यावर समोर रिब (आतली आधारपट्टी). तू उलट कर. आतून कनेक्टरपासून सुरुवात कर: कुठला प्लग दोन बोटांनी काढायचाय, कुठल्या ट्रेचा स्क्रू मागून सोडवायचाय. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून कोपरापर्यंत हात घालून बघ, मनगट वळायला हवं. कदाचित एकाच झाकणात काम भागेल. दोन हवीतच असा हट्ट कशाला?

आता भोकाचं. या बांधणीत स्किन म्हणजे नुसतं आवरण नव्हे. इंजिन माउंटचा भार फायरवॉलच्या कोपऱ्यांतून लाँजेरॉनमध्ये (विमानाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यांत) जातो हे खरं, पण नाक पिळवटलं जातं तेव्हाचा शिअर (पत्र्याला तिरकं ओढणारा भार) ही स्किनच वाहते. भोक पाडलंस की तो भार वळसा घालून जाणार आणि कोपऱ्यांवर गर्दी करणार. म्हणून काटकोनी कोपरा अजिबात नको. निदान १ इंच त्रिज्या ठेव, जागा असेल तर जास्त. आणि वळसा घालणाऱ्या भारासाठी वाट म्हणजे डबलर.

तुझी स्किन किती जाडीची आहे हे ड्रॉइंगवर बघ आणि मायक्रोमीटरनेही मोज. डबलर २०२४-टी३ ॲल्युमिनियमचा, स्किनच्या जाडीचा किंवा एक गेज जाड. त्याहून जाड घेऊन फायदा नाही, मग आजूबाजूची स्किनच कच्ची ठरते. चार पट्ट्या जोडून चौकट करू नकोस, एका पत्र्यातून अखंड कड कापून काढ.

रुंदी अशी मोज. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट, दोन रिव्हेटमधे निदान व्यासाच्या तिप्पट अंतर. ३/३२ इंची रिव्हेटला कडेचं अंतर ३/१६ इंच आलं. नंबर ८ च्या स्क्रूला ते साधारण ३/८. म्हणजे भोकाच्या आत डोकावणारी कड पाऊण इंच आणि स्किनखाली रिव्हेटच्या दोन आडव्यातिडव्या रांगा मावतील एवढी, इंचभर तरी. खिडकीच्या चौकटीला पल्ला टेकतो तसं झाकण त्या आतल्या कडेवर टेकेल, आणि झाकणाचा पत्रा स्किनच्याच जाडीचा घेतलास की वरून सपाट.

स्क्रू की क्वार्टर-टर्न? माझं मत स्क्रू. क्वार्टर-टर्न झाकण जागेवर धरतं, भार फारसा घेत नाही. काउलिंगला (इंजिनवरचं आवरण) ठीक, कारण ते रोज उघडायचं असतं. इथे वर्षाकाठी एकदोनदा उघडणार, मग दर सव्वा-दीड इंचाला एक स्क्रू पडला तर काय बिघडलं? पण हिशोब मात्र झाकण नाहीच असं धरून कर. एकटा डबलर पुरला पाहिजे, झाकणाने जे काही उचललं ती वरकमाई.

कापलेला तुकडा ठेवून दे, झाकण म्हणून नको. पात्याने खाल्लेली फट चहूबाजूंनी राहते आणि त्याच्या कडा वेड्यावाकड्या झालेल्या असतात. नवा पत्रा घे आणि तो आधी गोलाईत वळव. सपाट पत्रा स्क्रूंनी ओढून बसवलास तर स्क्रूंच्या मधे कडा उचलणार. उघडझाप करायची सवय आमची मिगपासूनची. मिग-२१ चं इंजिन काढायचं तर मागचं अख्खं शेपूट सुटं करून ओढावं लागायचं. त्यापुढे तुझं झाकण म्हणजे काहीच नाही.

ओहायोकर_७ए

काका, अरे-तुरेच करा, बरं वाटलं. पुठ्ठ्याचा प्रयोग आजच केला. डाव्या बाजूच्या भोकातून सगळं हाताला लागतं, उजवीकडे फक्त एक फ्यूज ब्लॉक आहे आणि तो खालूनही दिसतो. तेव्हा एकच झाकण.

पावसाची धास्ती आहे. झाकण बरोब्बर महागड्या स्क्रीनच्या डोक्यावर येतंय.

लीड्सची_वैमानिक

पावसाबद्दल मी सांगते, आमच्याकडे तोच मुबलक. उडताना विंडशील्डच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि कॅबिनमधला बहुधा त्याहून कमी असतो. त्यामुळे तिथली बारीकशी फटही पाणी आत ओढते. झाकण शक्य तितकं फायरवॉलकडे सरकवा, पण काउलिंग जिथे जोडलंय त्या पट्टीला धक्का लावू नका. डबलरच्या कडेवर पातळ गॅस्केट घाला. जाड फोम नको, त्याने झाकण फुगतं. आणि झाकणाखाली कनेक्टरांच्या वर एक छोटी पन्हाळ लावा, म्हणजे थेंब आला तरी बाजूला जाईल.

पाण्यापेक्षा मला काळजी कार्बन मोनॉक्साइडची. काउलिंगच्या फटींतून निसटलेली हवा याच स्किनवरून मागे येते. त्यात एक्झॉस्टची गळती मिसळली तर तुमचं झाकण तिला आत यायचा रस्ता आहे. डिटेक्टर असेलच. झाकण बसवल्यावर पहिल्या उड्डाणात हीटर बंद आणि हीटर चालू, दोन्ही वेळा त्याचा आकडा बघा.

कागदपत्रांचं म्हणाल तर इथे ब्रिटनमध्ये असल्या बदलाला आधी एलएएची (हलक्या विमानांची संघटना) मंजुरी लागते, ड्रॉइंगसकट अर्ज करायचा. तुमचं त्या मानाने सुटसुटीत आहे, पण सुटसुटीत म्हणजे मोकाट नव्हे.

ओहायोकर_७ए

खरंय. इथे माझ्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये मेजर चेंजचं कलम आहे. बदल मेजर ठरला तर एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवून पुन्हा टेस्ट फ्लाइटच्या टप्प्यात जायचं. मायनर असेल तर लॉगबुकात नोंद पुरते. मेजर की मायनर हे ठरतं वजन, तोल, मजबुती, उडण्याचे गुण यांवर लक्षणीय परिणाम होतो का त्यावरून. भारवाहू स्किन कापून मीच 'मायनर' म्हणणं मनाला पटत नाही. ईएएच्या (हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना) स्थानिक चॅप्टरमधले टेक्निकल काउन्सेलर येऊन बघणार आहेत. विमानाच्या डिझायनरलाही रेखाटन पाठवून विचारतोय. त्यांचं उत्तर येईपर्यंत ड्रिल कपाटात.

पत्रेवाला_ओझर

शहाणा आहेस. मग तोवर कापायची तयारी कर.

पत्र्यावर शिसपेन्सिल लावू नकोस, ग्राफाइट ॲल्युमिनियमला खातं. टोकदार सुईने रेघही ओढू नकोस. आल्क्लॅडचा, म्हणजे गंजरोधक शुद्ध ॲल्युमिनियमचा, वरचा थर फाटतो आणि क्रॅक सुरू व्हायला तेवढी रेघ पुरते. मार्कर वापर. आधी चारही कोपऱ्यांना होल-सॉने गोल भोकं, मग ती सरळ रेषेत जोड, रेषेच्या थोडं आत राहून, उरलेलं कानशीने. शेवटी कड दोन्ही अंगांनी डीबर करून (खरखरीत धार काढून) नखाने तपास. नख अडकलं तर काम बाकी आहे.

बुरा ही खरी डोकेदुखी. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे रेडिओत शिरलेला कण नंतर शोधता येत नाही, तोच शॉर्ट करून तुला शोधतो. रेडिओ बदलायचाच आहे ना? मग आधी जुना काढ, नवा सगळ्यात शेवटी बसव. मधल्या काळात उरलेले कनेक्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेपने बंद कर. आतून कुणीतरी व्हॅक्यूमचा पाइप धरून बसायला हवं. माझ्या वेळी हेल्पर असायचा, तुझ्याकडे कोण आहे बघ.

स्क्रू हार्डवेअरच्या दुकानातले आणू नकोस. त्यांचं चपटं डोकं ८२ अंशांचं असतं, विमानाचं १०० अंशांचं. डिंपलमध्ये (डोकं सपाट बसावं म्हणून पत्र्यात केलेला खळगा) ते नुसतं कडेवर टेकतं, आणि घट्ट केल्यासारखं वाटतं ते फसवं. नटप्लेटही (आतून रिव्हेट मारून बसवलेले नट) डिंपलला जुळणाऱ्या घे, नंबर ८ साठी के११००-०८. साध्या के१००० घेतल्यास तर त्या खाली नीट बसणार नाहीत.

आणि झाकण, डबलर, स्किन तिन्ही क्लिकोने (स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिनांनी) एकत्र धरून मगच भोकं पाड. वेगवेगळी पाडून जुळवायच्या भानगडीत पडू नकोस.

ओहायोकर_७ए

आतून व्हॅक्यूम धरायला मुलगी तयार आहे, बदल्यात पहिल्या उड्डाणात उजवी सीट मागतेय. ती टेस्ट फ्लाइट ठरली तर पॅसेंजर नेता येणार नाही हे तिला अजून सांगितलेलं नाही.