सुपर गॅस गटातून थ्रॉटल स्टॉप काढावा का?

प्रस्ताव
अमेरिकेतील एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) या संस्थेच्या हौशी ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतील छोट्या शर्यतीत, सुपर गॅस गटातील गाडीने पाव मैल ९.९० सेकंदांपेक्षा कमी वेळात कापला, तर प्रतिस्पर्ध्याची चूक अधिक मोठी नसल्यास ती हरते. ही वेळ साधण्यासाठी बहुतेक जण थ्रॉटल स्टॉप वापरतात. गाडी सुटल्यानंतर या उपकरणाचा टायमर थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी झडप) काही क्षण बरीचशी मिटवून ठेवतो आणि मग पूर्ण उघडतो. त्यामुळे मुळात कितीतरी वेगवान असलेली गाडी सुरुवातीला रोखली जाऊन अंतिम रेषेवर ताशी १६० मैलांच्या पुढे पोहोचते, तर अखंड पूर्ण थ्रॉटलवर तेवढाच वेळ घेणारी गाडी १३५ मैलांच्या आसपास असते. साध्या इंजिनाच्या चालकाला ऐन शेवटी मागून येणाऱ्या गाडीचा अंदाज घेत राहावे लागते. हे धोक्याचे आहे आणि नवोदितांवर अन्याय करणारेही आहे, म्हणून हे उपकरण या गटातून काढावे.

प्रतिसाद १
माझा ठाम विरोध आहे. दिवसभरात हवेची घनता बदलते, तशी गाडीची वेळही बदलते. ती आज टायमरचे आकडे बदलून जुळवता येते. बंदी आल्यास गाडीत वजने चढवणे-उतरवणे आणि इंजिनाची शक्ती मुद्दाम घटवणे एवढेच उरेल. शिवाय तीच रोडस्टर (बिनछताची गाडी) टायमर बदलून ८.९० सेकंदांच्या सुपर कॉम्प गटातही उतरवता येते, हा मर्यादित खर्चात खेळणाऱ्यांचा मोठा आधार आहे. कौशल्य म्हणाल, तर सुरुवातीच्या रेषेवरील खांबाचे तिन्ही पिवळे दिवे एकदम लागल्यानंतर ०.४ सेकंदांनी हिरवा येतो, आणि तिथे टायमर कोणाच्याही मदतीला येत नाही.

प्रतिसाद २
बंदीऐवजी अंतिम वेगावरच कमाल मर्यादा घालावी.

प्रतिसाद ३
ती मर्यादा टिकणार नाही. वेग शेवटच्या ६६ फुटांतील सरासरीवरून मोजला जातो. तिथे ब्रेक दाबला की नोंद कमी येते. ९.९० च्या आत जाऊ नये म्हणून अनेक चालक आजही तेथेच ब्रेक लावतात, आणि नव्या नियमाने त्याला उत्तेजनच मिळेल.

प्रस्तावकाचे उत्तर
ब्रेकचा आक्षेप रास्त आहे. मग ६६० फुटांवरील, म्हणजे निम्म्या अंतरावरील वेळ धरावी, जी आजही प्रत्येक धावेच्या चिठ्ठीवर छापून येते. तिथे ठरावीक वेळेपेक्षा उशिरा पोहोचलेली गाडी बाद केली, तर थ्रॉटल स्टॉप हवामानानुसार वेळ जुळवण्यापुरता उरेल आणि दोन गाड्यांच्या अंतिम वेगांतील दरीही कमी होईल. खर्चाचा मुद्दा मात्र मला पटत नाही, कारण ९.९० सेकंदांच्या गटासाठी आठ सेकंदांत अंतर कापू शकणारे इंजिन बांधणे हाच आज सर्वांत मोठा खर्च आहे.