क जीवनसत्त्वाची कोणती गोळी अंगी लागते?

माणदेशी: आईचे वय ६८ असून हिमोग्लोबिन कमी आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळीबरोबर ५०० मि.ग्रॅ. क जीवनसत्त्व सुचवले आहे, प्रकार आम्हीच निवडायचा आहे. तिला रक्तदाब आहे, पोटही नाजूक आहे. महिन्याला १५० रुपयांच्या आत बसेल असे कृपया सुचवावे.

सह्यकडा: मी दोन वर्षांपासून लायपोसोमल, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म आवरणातले क जीवनसत्त्व, १००० मि.ग्रॅ. घेत आहे. महिन्याला १४०० रुपये जातात, पण आईसाठी खर्चाकडे पाहू नये.

औषधविक्रेता_२२: आतड्यातील वाहक प्रथिने एका वेळी ठरावीकच क जीवनसत्त्व आत घेऊ शकतात. म्हणून रोज ३० ते १८० मि.ग्रॅ. घेतल्यास ७० ते ९० टक्के शोषले जाते. १ ग्रॅमच्या वर गेल्यास निम्म्याहूनही कमी, आणि न शोषलेल्या भागामुळे जुलाब होऊ शकतात. लायपोसोमलने रक्तातील पातळी काहीशी अधिक वाढते हे खरे, पण जास्तीचे लघवीवाटेच जाते. चघळण्याची साधी गोळी अर्धी-अर्धी करून दोन जेवणांबरोबर द्यावी.

रानवारा: पाण्यात विरघळणारी घ्या. माझ्या सासूबाईंना चव आवडते आणि त्या रोज न विसरता घेतात.

औषधविक्रेता_२२: तिच्यात सोडियम असते, रक्तदाब असताना ती टाळावी.

कोकणकन्या: कारखान्यातील रसायनापेक्षा आवळा अधिक शोषला जातो. आमच्याकडे तीन पिढ्या मोरावळा आहे.

औषधविक्रेता_२२: अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा रेणू दोन्हीकडे एकच असतो. मोरावळ्यात साखर किती असते तेही पाहावे.

कोकणकन्या: आमच्या मोरावळ्यात गूळ असतो.

पाऊलवाट: रोज २ ग्रॅम घेत असताना मला मूतखडा झाला. कारण तेच होते असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण पूर्वी खडा झालेल्यांनी मोठी मात्रा विचारल्याशिवाय घेऊ नये.

सह्यकडा: मी पुन्हा सांगतो, लायपोसोमलच घ्या.

माणदेशी: सर्वांचे आभार. वरचे आकडे घेऊन डॉक्टरांना पुन्हा विचारले. प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस ६५ मि.ग्रॅ. आहे आणि १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मि.ग्रॅ. मिळते. धान्य-भाज्यांतील लोह शोषले जाण्यासाठी क जीवनसत्त्व त्याच जेवणात असावे लागते, म्हणून तूर्त गोळी आणत नाही. दोन्ही जेवणांत पेरूच्या मऊ फोडी आणि वरणावर लिंबू देणार आहे. लोहाची गोळी चालूच राहील आणि दोन महिन्यांनी रक्त तपासू.