चर्चा: क्रिप्टोकॉकसची टायटन पेशी हेच त्याचं खरं शस्त्र आहे का?

प्राजक्त:
क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स म्हणजे मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत सापडणारी यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी. प्रयोगशाळेत वाढवली की पेशी साधारण 5 ते 7 मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुप्फुसात शिरल्यावर मात्र काही पेशी फुगत जातात. 10 मायक्रॉन तर ओलांडतातच, पण भोवतीचं जाड आवरण, म्हणजे कॅप्सूल, धरलं तर काही 100 मायक्रॉनपर्यंत पोचतात. यांनाच टायटन पेशी म्हणतात. 2010 मध्ये दोन गटांनी हे उंदरांमध्ये नीट दाखवून दिलं. फुप्फुसातल्या बुरशीपैकी 20 टक्क्यांपर्यंत पेशी अशा असू शकतात.

फुप्फुसातली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी आपली संरक्षक पेशी, स्वतःच 20 मायक्रॉनच्या आसपास. ती हे धूड गिळणार कशी? त्यात टायटनची भिंत जाड, तिच्यात कायटिन हा कठीण पदार्थ जास्त, आणि त्या कायटिनमुळे आपली प्रतिकारशक्ती भलत्याच वाटेला लागते. माझं स्पष्ट मत आहे की या बुरशीचं मुख्य शस्त्र हेच, आणि नवी औषधं शोधताना नेम इथेच धरायला हवा.

निवडुंग:
असहमत. रुग्ण दगावतो तो मेनिंजायटिसने, म्हणजे बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून आलेल्या सुजेने. टायटन पेशी फुप्फुसातच अडकून बसते, तिला मेंदूपर्यंत जाताच येत नाही. मग मुख्य शस्त्र ती कशी?

2022 मध्ये याच बुरशीच्या उलट टोकाच्या पेशींचं वर्णन आलं. त्या लहान असतात, फॉस्फेट मिळालं की वाढतात आणि फुप्फुसाबाहेरच्या अवयवांत सहज शिरतात. त्यांना ‘सीड सेल’ असं नाव दिलंय. हिस्टोप्लाझ्मा या दुसऱ्या बुरशीचं बघा, 2 ते 4 मायक्रॉनची यीस्ट, थेट मॅक्रोफेजच्या पोटातच संसार थाटते. मोठं झालं म्हणजेच घातक झालं, हे गृहीतच मला पटत नाही.

काचपट्टी:
लॅबमध्ये काम करते म्हणून एवढंच सांगते. पाठीतल्या पाण्याचा थेंब इंडिया इंक या काळ्या शाईत मिसळला की सगळं काळं होतं, आणि त्या काळ्यात गोल, लख्ख वलयं दिसतात. वलय म्हणजे कॅप्सूल, शाई तिच्यात शिरत नाही. मधोमध पेशी, कधी तिला बारीक मानेवर चिकटलेली एकच कळी. एकाच काचेवर शेजारी-शेजारी दोन पेशींच्या वलयांत दुपटी-तिपटीचा फरक असतो. पण वलय मोठं म्हणजे टायटन नव्हे! कॅप्सूल वगळून पेशीचं अंग मोजायचं असतं. चर्चेत दोन्ही मापं एकत्र होऊ देऊ नका, एवढी विनंती.

आडवाट:
मला दोन्ही बाजूंचा पायाच कच्चा वाटतो. क्रिप्टोकॉकस माणसाकडून माणसाला लागत नाही. आपल्या शरीरात शिरलेल्या बुरशीचा वंश बहुतेक वेळा तिथेच खुंटतो. मग आपल्याविरुद्ध ‘शस्त्र’ घडलं कसं? 2018 मध्ये तीन गटांनी टायटन पेशी उंदराविना, भांड्यात तयार केल्या. त्यासाठी सीरम (रक्तातला पातळ द्रव), कार्बन डायऑक्साइड, कमी ऑक्सिजन असे इशारे वापरले. एका गटाला तर जिवाणूंच्या भिंतीचे तुकडेही हे काम करतात असं दिसलं. जिवाणू मातीत काय कमी आहेत? तिथे यीस्ट गिळणारे अमीबाही आहेत. माझ्या मते ही मातीतली जुनी सवय आहे आणि आपलं फुप्फुस फुकट त्यात सापडलंय.

प्राजक्त:
@आडवाट, उगम मातीत असेल, मान्य. पण रुग्णाच्या छातीत ती काय करते हा प्रश्न वेगळा, आणि उपचार त्यावरच ठरतो.

@निवडुंग, टायटन मेंदूत जात नाही हे खरं, पण तिची पिल्लं जातात! टायटनमध्ये गुणसूत्रांचे चार, आठ, सोळा किंवा त्याहून जास्त संच असतात. ते संच वाटले जाऊन तिला ज्या कळ्या, म्हणजे नव्या पेशी, फुटतात त्या नेहमीच्या आकाराच्या. त्यांतल्या काहींत एखादं गुणसूत्र कमी-जास्त होतं. फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या ताणाखाली अशी पिल्लं टिकून राहतात, हे प्रयोगात दिसलंय. म्हणजे जे लहान रूप तुम्ही घातक म्हणता, त्याचा पुरवठा मोठ्याकडूनही होतो. शिवाय जीपीआर४ आणि जीपीआर५ हे बाहेरचे इशारे टिपणारे पेशीवरचे दोन्ही ग्राहक (रिसेप्टर) काढून टाकलेल्या वाणात टायटन बनेनात, आणि उंदरांमध्ये त्या वाणाचा घातकपणाही घटला.

निवडुंग:
पिल्लांचा मुद्दा जोरदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ग्राहकांच्या प्रयोगावर मात्र आहे. ते ग्राहक सायक्लिक एएमपीच्या साखळीला, म्हणजे पेशीत आत निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेला, जोडलेले, आणि तीच साखळी कॅप्सूल आणि मेलॅनिन हे रंगद्रव्यही सांभाळते. साखळीच ढिली केली तर घातकपणा आकारामुळे घटला की इतर कशामुळे, हे सांगणार कसं? फक्त आकार बदलेल आणि बाकी काही हलणार नाही, असं वाण दाखवा.

आणि औषधाचा नेम म्हणाल तर एचआयव्हीच्या ज्या रुग्णांचा सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) 100 च्या खाली आहे, त्यांच्या रक्तात क्रिप्टोकॉकल अँटिजेन, म्हणजे या बुरशीची खूण, तपासायला डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सांगतंच. बोटाच्या थेंबावर होणारी पट्टी आहे. मेंदूपर्यंत पोचण्याआधी बुरशी पकडायची तर पैसा आधी तिथे घाला.

काचपट्टी:
पट्टीबाबत निवडुंग यांच्याशी पूर्ण सहमत. पण पट्टी पॉझिटिव्ह आली आणि मेंदूत अजून काही नसलं, तर रुग्णाला फ्लुकोनॅझोलच देतात. प्राजक्तताई ज्या पिल्लांबद्दल बोलतायत, ती नेमकी त्याच औषधाखाली टिकणारी. तेव्हा पट्टी की टायटन अशी निवड मला तरी करता येत नाही.