एटीआर दोन ठिकाणी वेगवेगळा दाखवतोय, कुठला धरायचा?

वैतागलेला_०७
थेट मुद्द्यावर येतो. ५ मिनिटांच्या चार्टवर (एक कँडल म्हणजे ५ मिनिटांतली भावाची हालचाल) एटीआर १४ लावलाय, म्हणजे मागच्या १४ कँडलमध्ये भाव सरासरी किती हलला ते. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये १२.३ दाखवतो, चार्टच्या साइटवर ९.५. वेळ तीच, कँडल तीच. स्टॉपलॉस (भाव तेवढा पडला की विकून बाहेर) मी एक एटीआर एवढाच ठेवतो, त्यामुळे तीन रुपयांचा फरक म्हणजे खेळ खलास. आज ९.५ धरून लावला, उडाला, आणि लगेच भाव सुसाट वर. कुठला आकडा खरा मानायचा?
दुसरं, व्हिक्स (बाजार किती हलेल त्याच्या अंदाजाचा आकडा) १५ च्या वर असेल तर मी क्वांटिटी निम्मी करतो. ते बरोबर आहे ना?
"ट्रेडिंग करू नका" असले सल्ले कृपया नकोत. उद्या एक्स्पायरी (सौद्यांची मुदत संपायचा दिवस) आहे, लवकर सांगा.

निवांत काका
सल्ला नको म्हणालात तरी देतो, वयाचा मान समजा. सेबीनेच २०२४ च्या सप्टेंबरात सांगितलंय की आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. निफ्टीचा इंडेक्स फंड घ्या, दर महिन्याला एसआयपी लावा आणि दुपारी झोपा.

वैतागलेला_०७
काका, एसआयपी चालू आहे. विचारलं काय, सांगताय काय.

कैरी
कशाचा एटीआर? निफ्टीचा, शेअरचा की ऑप्शनच्या प्रीमियमचा, म्हणजे ऑप्शनच्या भावाचा? "तीन रुपये" म्हणताय म्हणजे प्रीमियमच असणार. पण मग स्ट्राइक (ऑप्शनमध्ये ठरलेला भाव) कुठली, किती वाजता एंट्री, काल बंद कितीला होता?

सोमवारचा बुल
इंडिकेटर काढून टाक भावा. चार्ट मोकळा ठेव. सपोर्ट, रेझिस्टन्स (भाव जिथे अडतो त्या खालच्या-वरच्या पातळ्या) आणि व्हॉल्यूम, बास. सगळे इंडिकेटर भावाच्या मागून चालतात. मी तीन वर्षं सुपरट्रेंड वापरला, शेवटी डिलीट केला.

पुणेरी तिरकस
@सोमवारचा बुल, सपोर्ट काय पुढून चालतो? तोही मागच्याच कँडलवरून काढता ना? आणि सुपरट्रेंडच्या पोटात एटीआरच असतो, ते माहीत असेलच.

सोमवारचा बुल
माहीत आहे म्हणूनच डिलीट केला.

वैतागलेला_०७
@कैरी, अहो उघड आहे ना. निफ्टीचा वीकली कॉल (भाव वर जाईल म्हणून घेतलेला ऑप्शन), स्ट्राइक निफ्टीच्या आताच्या भावाजवळची, म्हणजे अ‍ॅट द मनी. एटीआर प्रीमियमच्याच चार्टवर, पैसे तिथेच जातात म्हटल्यावर निफ्टीचा कशाला बघू. हे आकडे १०:२० चे आहेत.

कैरी
अजिबात उघड नव्हतं. आणि कालचा बंद अजून सांगितलेला नाही. गॅप होता का?

वैतागलेला_०७
काल म्हणजे शुक्रवारी ९२ ला बंद. आज १३० ला उघडला. पहिली कँडल हाय १३८, लो १२४. त्यानंतर कँडल साधारण १० रुपयांच्या. पण गॅपचा काय संबंध? एटीआर म्हणजे कँडलच्या उंचीची सरासरी ना?

डेटावाला
संबंध गॅपचाच आहे. वाइल्डरने १९७८ मध्ये ही पद्धत मांडली तीच मुळी गॅप हिशोबात यावा म्हणून. ट्रू रेंज म्हणजे तीन आकड्यांतला सर्वांत मोठा: हाय वजा लो, हाय आणि मागच्या बंदमधलं अंतर, लो आणि मागच्या बंदमधलं अंतर. तुमची पहिली कँडल दिसायला १४ रुपयांची (१३८ वजा १२४), पण तिची ट्रू रेंज १३८ वजा ९२, म्हणजे ४६.

आता फरक कुठून येतो बघा. एक सॉफ्टवेअर १४ कँडलची साधी सरासरी काढतं. दुसरं वाइल्डरची पद्धत वापरतं: मागचा एटीआर गुणिले १३, त्यात नवी ट्रू रेंज मिळवायची, भागिले १४. तुमचे सगळे बार माझ्याकडे नाहीत, म्हणून शुक्रवारच्या शेवटच्या कँडल ६ च्या आणि आज पहिली सोडून बाकी १० च्या धरतो.
१०:२० ला आजच्या १३ कँडल होतात. साध्या सरासरीत शुक्रवारची एक ६ ची, ती ४६ ची, आणि १२ कँडल १० च्या. बेरीज १७२, भागिले १४ म्हणजे १२.२९.
वाइल्डरने पहिल्या कँडलला ८.८६ येतो, आणि तो सरकत सरकत १०:२० ला ९.५३ होतो.
तुमचे दोन्ही आकडे आले. अ‍ॅप साधी सरासरी काढतंय, साइट वाइल्डरची. खोटं कुणीच बोलत नाहीये.

पडताळायचं असेल तर आजचाच चार्ट मागे नेऊन बघा. १०:३० ला संपणाऱ्या कँडलला ती ४६ ची कँडल खिडकीतून बाहेर पडते. अ‍ॅपमधला एटीआर तिथे दोनअडीच रुपयांनी खाली आलेला दिसेल, बाजारात काहीही घडलेलं नसताना. साइटवर असा खड्डा दिसणार नाही.

पुणेरी तिरकस
हा झाला प्रतिसाद. टाळ्या.

सांगलीची हळद
अवांतर होईल, पण आमच्याकडे बघा. एनसीडीईएक्सला (शेतमालाच्या वायद्यांचा बाजार) हळदीत गॅप रोजचाच. वर आवकेची बातमी आली की सर्किट (दिवसाची भावमर्यादा) लागतं. सर्किटमध्ये समोर घेणाराच नसतो, मग तुमचा एटीआर ९ असो की १२, स्टॉपलॉस नुसता पडून राहतो. यंदा पावसाने…

कैरी
हळदीसाठी वेगळा धागा काढा ना, मी नक्की वाचेन. इथे यांची एक्स्पायरी आहे.

खडूस अकौंटंट
कुणी विचारलं नाही, पण या धाग्यावर येणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवा. एफ अँड ओचा नफातोटा व्यवसायाचा धरतात, सट्ट्याचा नाही. आयटीआर-३ (आयकर विवरणपत्र) भरायचा. मुदतीत भरलात तर तोटा ८ वर्षं पुढे ओढता येतो. मुदत गेली की ती सवलतही गेली. शेअरमधलं इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) मात्र सट्ट्यात येतं, तिथे ४ वर्षं.

वैतागलेला_०७
@डेटावाला, बघितलं. १०:३० ला अ‍ॅपमध्ये १२.६ वरून डायरेक्ट १०.१. साइटवर काही नाही. पटलं. मग आता उद्या कुठला वापरू? एवढंच सांगा.

डेटावाला
दोन्हींपैकी एक निवडाच म्हणाल तर वाइल्डर, कारण त्यात असा खड्डा पडत नाही. पण १०:२५ च्या आधी प्रीमियमच्या चार्टवरचा एटीआर मी कुठल्याच पद्धतीने वापरणार नाही. त्या १४ कँडलमध्ये आदल्या दिवसाची दुपार मिसळलेली असते. दुपार झोपलेली असेल आणि गॅप नसेल, तर एटीआर ५-६ दाखवतो आणि सकाळी बाजार १४-१५ च्या कँडल टाकतो. तिथे एक एटीआरचा स्टॉप उडणारच. शिवाय अ‍ॅट द मनी स्ट्राइक रोज बदलते. आज जी स्ट्राइक अ‍ॅट द मनी आहे ती शुक्रवारी आउट ऑफ द मनी (निफ्टीच्या भावापेक्षा बरीच वरची) होती, तिच्या कँडल तेव्हा लहानच असणार.

सकाळसाठी दुसरा हिशोब: निफ्टीच्या चार्टवर मागच्या दहाबारा दिवसांची फक्त ९:१५ ते १०:१५ मधल्या कँडलची उंची बघा, हाय वजा लो, आणि तिची सरासरी काढा. सकाळची तुलना सकाळशी.

कैरी
मी याच्याही पुढे जाईन. स्टॉप निफ्टीच्या पातळीवर ठरवा आणि मग प्रीमियममध्ये उतरवा. समजा निफ्टीच्या ५ मिनिटांच्या कँडलची सकाळची सरासरी २४ पॉइंट, तुम्ही दीडपट धरली तर ३६. अ‍ॅट द मनी कॉलचा डेल्टा (निफ्टी एक पॉइंट हलला तर प्रीमियम किती हलतो) ०.५ च्या आसपास, म्हणजे प्रीमियममध्ये साधारण १८ रुपये. तुम्ही ९.५ ठेवत होता, तो निफ्टीच्या १९ पॉइंटचा झाला. १९ पॉइंट निफ्टी चहा ढवळेपर्यंत फिरतो.
१८ चा स्टॉप झेपत नसेल तर लॉट कमी करा, स्टॉप अरुंद करू नका.

पुणेरी तिरकस
डेल्टा ०.५ हे सोमवारी दुपारपर्यंत ठीक. मंगळवारी एक्स्पायरीला गॅमा (डेल्टा बदलण्याचा वेग) एवढा असतो की ५० पॉइंट हलले की डेल्टा भलतीकडेच. उद्यासाठी हा गुणाकार चालणार नाही.

कैरी
मान्य. म्हणूनच निफ्टीच्या पातळीवर अलर्ट लावून हाताने बाहेर पडा म्हणते मी.

सोमवारचा बुल
म्हणजे फिरून सपोर्ट-रेझिस्टन्सवरच आलात. मी काय म्हणत होतो?

पुणेरी तिरकस
तुम्ही "डिलीट कर" म्हणत होता.

नवा_गडी
हाताने कशाला, एसएल-मार्केट (ट्रिगरचा भाव आला की मिळेल त्या भावाला विकणारी स्टॉपलॉस ऑर्डर) टाकून ठेवा ना.

डेटावाला
@नवा_गडी, ऑप्शनमध्ये एनएसईने एसएल-मार्केट सप्टेंबर २०२१ पासून बंद केलंय. फक्त एसएल-लिमिट चालतं, म्हणजे ट्रिगर लागल्यावरही ठरवलेल्या लिमिटच्या खाली विकत नाही. ट्रिगर आणि लिमिट यांत पुरेसं अंतर ठेवलं नाही तर भाव उडी मारून खाली जातो आणि ऑर्डर वरच लटकते. एक्स्पायरीला हे हमखास होतं.

वैतागलेला_०७
मी ट्रिगर आणि लिमिटमध्ये ५० पैसे ठेवतो. कमी आहे का?

डेटावाला
१३० च्या प्रीमियमला? फारच कमी. ३-४ रुपये ठेवा. लिमिट खाली ठेवली म्हणून त्याच भावाला विकलं जातं असं नाही, त्या क्षणी जो चांगला भाव असेल तो मिळतो.

वैतागलेला_०७
ठीक. आणि व्हिक्सचं कुणीच सांगितलं नाही. १५ ची रेषा बरोबर ना?

कैरी
१५ कुठून आणलात? व्हिक्स म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून काढलेला पुढच्या ३० दिवसांचा अंदाज, वार्षिक टक्केवारीत मांडलेला. दिवसाचा हवा असेल तर १६ ने भागा (वर्षात साधारण २५२ ट्रेडिंग दिवस, त्याचं वर्गमूळ). १५ भागिले १६ म्हणजे ०.९४ टक्के. निफ्टी २५,००० असेल तर दिवसाला साधारण २३५ पॉइंट वर किंवा खाली, आणि तीनातले दोन दिवस तेवढ्याच्या आत. १४.९ ला २३३ येतात, १५.१ ला २३६. तीन पॉइंटसाठी तुम्ही क्वांटिटी निम्मी करताय. रेषा नको, उतरंड ठेवा: व्हिक्स जेवढ्या टक्क्यांनी वाढेल त्या प्रमाणात लॉट कमी.

पुणेरी तिरकस
शिवाय ऑप्शन विकत घेणाऱ्याला व्हिक्स किती आहे यापेक्षा तो कुठे चाललाय हे जास्त लागतं. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. निफ्टी जवळपास ६ टक्के पडला, व्हिक्स दिवसात ३० च्या वर जाऊन २६ च्या पुढे बंद. दुसऱ्या दिवशी निफ्टी ७३५ पॉइंट वर, पण व्हिक्स १९ च्या आसपास येऊन बसला. आदल्या दुपारी घाबरट भावात लांबचे कॉल घेतलेल्यांची दिशा शंभर टक्के बरोबर होती. पण व्हिक्स उतरला की प्रीमियमही उतरतो. त्यांना विचारा किती सुटले.

निवांत काका
मार्च २०२० मध्ये व्हिक्स ८० च्या वर गेला होता. तेव्हा आमची एसआयपी चालू होती आणि आम्ही झोपलो होतो.

पुणेरी तिरकस
काका, मार्च २०२० मध्ये सगळेच घरी झोपले होते.

फायदाच_फायदा
व्हिक्स आधारित जॅकपॉट कॉल, ९० टक्के अचूक, टेलिग्रामवर या, आजच्या दिवस मोफत.

कैरी
सेबीचा रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी क्रमांक टाका, मग येतो. संपादक, हा प्रतिसाद उडवा.

वैतागलेला_०७
बरं. उद्या एक्स्पायरीला प्रीमियमचा एटीआर बघत नाही, निफ्टीवर पातळी आणि अलर्ट, एकच लॉट. एक राहिलं. अ‍ॅपमध्ये सरासरीची पद्धत बदलायचं सेटिंगच दिसत नाही. फक्त "पीरियड" आहे.

डेटावाला
काही अ‍ॅपमध्ये नसतंच. मग एटीआर साइटवर बघा आणि ऑर्डर अ‍ॅपमधून टाका. पीरियड २८ वगैरे करून जुळवायला जाऊ नका, एखाद्या वेळी जुळेल आणि पुढच्या गॅपला परत फाटेल.

सांगलीची हळद
हळदीचा धागा काढलाय. पहिल्या पानावर आहे.

नवा_गडी
एटीआर म्हणजे नक्की काय?