जुनमाई फिकी की नुसती गार?

साके म्हणजे तांदळाची जपानी दारू. दाइगिंजो (खूप घासलेल्या तांदळाची, सुवासिक) आणि जुनमाई (बाहेरून अल्कोहोल न घातलेली) हे तिचे दोन प्रकार. ‘दाइगिंजोपुढे जुनमाई अगदीच फिकी’ असं काहीजण म्हणतात. दोन्ही थेट फ्रिजमधून ओतल्या असतील तर निकाल आधीच ठरलेला. ५ अंशांना जुनमाईतली तांदळाची चव दबते, आंबटपणा तेवढा टोचतो. दाइगिंजो १० अंशांच्या आसपास घ्या. जुनमाईसाठी पाणी उकळून गॅस बंद करा आणि भरलेला तोक्कुरी (साके ओतायचा अरुंद गळ्याचा चंबू) गळ्यापर्यंत त्यात बुडवा. दोन-तीन मिनिटांत ४० अंश होतात. बूड हाताला कोमट लागलं की काढायचाच, पुढे अल्कोहोलचा भपकारा नाकात जातो.

आणि लेबलवरचं +५ बघून ‘कोरडी’ (गोड नसलेली) ठरवू नका. तो निहोनशु-दो, म्हणजे फक्त घनतेचा आकडा. शेजारी अनेकदा आम्लता छापलेली असते, ती १.८ असेल तर तीच +५ साके १.२ वालीपेक्षा बरीच कोरडी लागते.