दुकानाच्या सिक्युरिटीने १६ वर्षांच्या मुलीला दीड तास आत बसवून ठेवलं, हे चालतं का?

कर्वेनगरची_आई

नमस्कार, पोस्ट मोठी झालीये, सांभाळून घ्या. शनिवारी माझी मुलगी (अकरावी, वय १६) क्लास सुटल्यावर दोन मैत्रिणींबरोबर पुण्यात एफसी रोडला गेली होती. तिथे एका मोठ्या दुकानात शिरल्या, नाव घेत नाही. बाहेर पडताना दाराशी ते मशीन वाजलं आणि गार्डने तिघींना थांबवलं. एका मैत्रिणीच्या सॅकमध्ये ६४९ रुपयांचा परफ्यूम निघाला, बिल नव्हतं. तिने लगेच कबूल केलं की मी टाकला, ह्या दोघींना माहीत नव्हतं. तरी तिघींना मागच्या स्टॉकच्या खोलीत नेऊन बसवलं, फोन काढून घेतले, पुरुष गार्डने माझ्या मुलीला सॅक आणि जीन्सचे खिसे रिकामे करायला लावले, भिंतीला टेकून उभं करून फोटो काढले आणि 'मी चोरी केली, परत करणार नाही' असं तिघींकडूनही लिहून सही घेतली. तासाभराने मला फोन की 'दहापट दंड भरा नाहीतर पोलीस केस, करिअर खलास, पासपोर्ट विसरा'. मी इतकी घाबरले की विचार न करता ६,४९० जीपे केले. नंतर बघते तर पैसे कुठल्यातरी माणसाच्या पर्सनल नंबरवर गेलेत. बिल नाही, पावती नाही. माझी मुलगी तेव्हापासून धड जेवत नाहीये. त्यांना हे सगळं करायचा अधिकार असतो का? 'दहापट दंड' अशी पाटी होती म्हणे तिथे.

कट्टेकरी_सदाशिव

मैत्रिणीने चोरी केली ना पण? मग दुकानदाराने काय आरती करायची का. आमच्या वेळी दुकानात एक कानाखाली बसायची आणि घरी आल्यावर वडिलांची दुसरी. आणि नवीन कायद्यात सहा तास ठेवता येतं, मी वाचलंय.

काळा_कोट_शिवाजीनगर

कट्टेकरी, तुम्ही वाचलंय ते अर्धं वाचलंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४०, १ जुलै २०२४ पासून लागू. साधा नागरिक, म्हणजे गार्डसुद्धा, कुणाला धरू शकतो, पण गुन्हा त्याच्यासमोर घडलेला पाहिजे, आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असा दोन्ही पाहिजे. (फरारी जाहीर झालेल्याला कुणीही धरू शकतं, तो विषय इथे नाही.) आणि धरल्यावर विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या किंवा जवळच्या पोलीस स्टेशनच्या ताब्यात द्यायचं, त्याची जास्तीत जास्त मुदत सहा तास. सहा तास आपल्या खोलीत बसवून दम द्यायला नाही दिलेत.

आता गंमत बघा. त्याच संहितेच्या परिशिष्टात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र धरलीये. म्हणजे ६४९ च्या परफ्यूमसाठी गार्डला कलम ४० मुळात लागूच होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३०३ मध्ये तर अशा पहिल्या चोरीला, वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर, शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितलीये, आणि तीसुद्धा मोठ्या माणसांना. तुमच्या मुली तर अठराच्या आतल्या.

मग दुकानदाराने हात बांधून बसायचं का, तर नाही. आपला माल वाचवायला तो थांबवू शकतो, माल परत घेऊ शकतो, गरजेपुरता जोरही लावू शकतो, मालमत्तेच्या बचावाचा हक्क सगळ्यांनाच आहे. पण माल परत हातात आला की तो हक्क तिथे संपतो, न्याय संहितेचंच कलम ४३ वाचा. परफ्यूम सॅकमधून काढला त्या मिनिटाला दोनच रस्ते उरले, पोलिसांना बोलवा नाहीतर पोरींना जाऊ द्या. दार लावून दीड तास बसवणं म्हणजे बेकायदा डांबून ठेवणं, कलम १२७, एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या मुलीकडे तर काही सापडलंही नाही.

दंड लावायचा अधिकार कोर्टाला. पाटी कुणीही लावू शकतो, उद्या मी ऑफिसबाहेर 'उशिरा येणाऱ्यास ५०० दंड' लावीन, कोण देणार? केसची भीती घालून पैसे काढले याला खंडणीचं कलम ३०८ बसतं का यावर वकील भांडतील, पण पैसे पर्सनल खात्यावर गेलेत हा तुमच्या हातातला सगळ्यात भारी पुरावा आहे. तो स्क्रीनशॉट आत्ता काढून ठेवा.

आणि ताई, एक गोष्ट मुलीला शांतपणे विचारा, गार्डने अंगाला हात लावला का. लावला असेल तर विषय पूर्ण वेगळा होतो.

कर्वेनगरची_आई

विचारलं सर. हात नाही लावला, पण 'खिसे उलटे कर' म्हणून ओरडत होता आणि बाकीचा स्टाफ दारात उभा राहून हसत होता. तिला तेच जास्त लागलंय. तिने सही केलेल्या कागदाचं काय? आणि पासपोर्ट वगैरे खरंच अडकतो का? तिला पुढे बाहेर शिकायला जायचंय.

पूर्वी_रिटेलमध्ये

मी अकरा वर्षं शोरूम सांभाळलीत, त्यामुळे दुकानाची बाजूही सांगतो, शिव्या घालू नका. स्टॉक मोजताना माल कमी भरला की काही ठिकाणी तो फ्लोअरच्या पोरांच्या पगारातून कापतात, बारा-पंधरा हजारावर काम करणारा पोरगा मग चिडणारच ना. आणि शाळा-कॉलेजची पोरं चॅलेंज म्हणून उचलतात हेही खरंय. पण आमच्याकडे नियम होता, अंगाला हात नाही, एकट्याला खोलीत नाही, लेडीज असेल तर लेडीज स्टाफ समोर, आणि अल्पवयीन दिसला की पहिला फोन पालकांना, तासाभराने नाही. दहापटीची वसुली कंपनीच्या खात्यात कधीच जात नाही, कारण तिचं बिलच बनत नाही, कुठल्या हेडखाली दाखवणार? ती गार्ड आणि फ्लोअर मॅनेजर यांच्यात वाटली जाते, मी स्वतः अशा दोघांना काढलंय. तुम्ही दुकानात जाऊन भांडू नका, कंपनीच्या हेड ऑफिसला मेल टाका आणि त्यात फक्त तो पेमेंट नंबर लिहा, बघा कशी धावपळ होते.

अजून एक, मशीन वाजलं म्हणजे चोरी असं नसतं. निम्म्या वेळा कॅशिअर टॅग काढायला विसरतो. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा 'शनिवारचं फुटेज जपून ठेवा' हे लेखी आजच द्या.

काळा_कोट_शिवाजीनगर

रिटेलवाल्यांशी सहमत. ताई, कागदाचं म्हणाल तर अल्पवयीन मुलाचा करार कायद्याने शून्य, १९०३ च्या निकालापासून हेच चालत आलंय, त्यामुळे 'पैसे देईन' वगैरे लिहिलं असेल तर ते बंधनकारक नाही. आणि कबुलीजबाब म्हणाल तर बाल न्याय नियमांप्रमाणे खुद्द पोलिसांनाही मुलाकडून जबाबावर सही घेता येत नाही, मग गार्ड कोण लागून गेला. तरी मूळ कागद आणि फोटो परत मागा, फोटो ग्रुपवर फिरायला नकोत.

पासपोर्टची भीती निव्वळ थापा. समजा पोलीस आले असते तरी अशा किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआर होत नाही, डायरीत नोंद होते. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी नाही, पालकांना कळवायचं, ताब्यात घेतलंच तर २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं, आपल्याकडे ते येरवड्याला. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अशा किरकोळ प्रकरणाचा डाग पुढच्या शिक्षणाला नोकरीला लागत नाही, आणि प्रकरण मंडळापुढे गेलं तर मुलाचं नाव किंवा फोटो छापणं, फिरवणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे 'पोलिसांना बोलवू का' ही धमकी खरं तर मुलांच्या फायद्याची असते. पोरांना हेच शिकवा, पळू नका, धक्काबुक्की करू नका, 'पोलिसांना बोलवा आणि माझ्या आईला फोन लावा' एवढंच म्हणत राहा, काही लिहून देऊ नका. फोन हातात असेल तर ११२ (पोलीस) किंवा १०९८ (मुलांची हेल्पलाईन).

कट्टेकरी_सदाशिव

येरवड्याचं मंडळ म्हणजे तेच ना, मे २०२४ मध्ये पोर्शे अपघातातल्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला लावणारं? मग ६४९ च्या परफ्यूमला चारोळी पुरेल.

(वर जे बोललो ते मागे घेतो. खिसे उलटे करायला लावले हे नीट वाचलं नव्हतं. मलाही नात आहे.)

वारज्याची_मनू

कर्वेनगर ताई, माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो होतो. बायका आणि मुलांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, हेल्पलाईन १५१००. आणि ज्या मुलीने परफ्यूम टाकला तिला झोडपू नका प्लीज. तिने तिथल्या तिथे खरं सांगून तुमच्या लेकीला वाचवायचा प्रयत्न केला.

कर्वेनगरची_आई

अपडेट देते. हेड ऑफिसला मेल टाकला, फक्त व्यवहाराचा नंबर आणि 'ह्याचं बिल द्या' एवढंच. दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला, फारच गोड बोलत होते. ६,४९० परत आले, ह्यावेळी कंपनीच्या खात्यातून. फोटो समोर डिलीट करून दाखवले म्हणे, कुणासमोर ते नाही सांगितलं. फुटेज 'बघतो' म्हणाले. मुलींनी लिहिलेले कागद मात्र सापडत नाहीयेत. त्या मैत्रिणीची आई घरी आली होती, दोघी बराच वेळ नुसत्या बसलो, मग चहा केला. सोमवारी आम्ही तिघींच्या आया मिळून कागद मागायला जाणार आहोत.

काळा_कोट_शिवाजीनगर

अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या शिक्क्यासकट. शिक्का नाही म्हणाले तर तिथूनच ११२ लावा.