गॅस भरण्याआधी गळती शोधा
गाडीच्या एसीत गॅस भरून दोन महिन्यांत गार हवा बंद झाली असेल, तर बहुधा गळतीच. पुन्हा गॅस भरू नका. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं (गॅस दाबणाऱ्या पंपाचं) तेलही झिरपतं, म्हणून टॉर्च घेऊन पाइपांचे जोड, कंडेन्सरचे (रेडिएटरसमोरच्या जाळीचे) खालचे कोपरे आणि कॉम्प्रेसरच्या क्लचमागे (पट्ट्याच्या चाकामागे) तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. गॅस भरायच्या व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर आतली पिन बदलली की झालं (हे बरेच जण तपासतच नाहीत). बाहेर सगळं कोरडं असेल तर संशय डॅशबोर्डच्या आतल्या, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर. गाडी थोडा वेळ बंद ठेवून एसीचं पाणी निघणाऱ्या नळीच्या तोंडाशी गॅस डिटेक्टर धरा. दुरुस्तीत ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) आर-१३४ए या एसीच्या गॅसला चालणारी हवी, तीही कॉम्प्रेसरच्याच तेलात बुडवून बसवा. सिस्टिम उघडली की ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवा, व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओलावा काढणं) किमान ३० मिनिटं, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरप्रमाणे ग्रॅममध्ये मोजून.